खिरणीचा खड्डा

स्वप्नकुंज कॉलनीत घरं बेचाळीस आणि बाग एक. बाग म्हणायची ती आपली रीत म्हणून. परदेशीपुऱ्यामागच्या बंद मिलची भिंत आणि कॉलनीचं गेट यांच्या मधला तो चौकोन. तिथे कधी काळी हिरवळ होती, आता धूळ होती. बोअर दोन उन्हाळ्यांपासून कोरडा, टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नाही, तिथे हिरवळीच्या तोंडात कोण घालणार? तेव्हा कमिटीनं ठरवलं, की पाण्यावाचून तग धरेल असं काहीतरी लावायचं. एवढं ठरवून कमिटी भांडायला मोकळी झाली.

एका पक्षात शरच्चंद्र पोतनीस सर, एकटेच. वय सत्तर, सरकारी शाळेत चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त. पणजोबा होळकरांच्या खजिन्यावर कामाला होते. खजिना गेला, आडनाव राहिलं. सरांचं म्हणणं साधं होतं. बारा महिने हिरवी राहणारी, दुष्काळाला न भिणारी झाडं लावा. दोन कडुनिंब, दोन करंज, दोन बकुळी, ज्यांना इथे मोरसली म्हणतात, आणि एक खिरणी. दोन वर्षं भाज्या धुतलेलं पाणी घाला, मग त्यांच्याकडे बघूसुद्धा नका.

दुसऱ्या पक्षात सेक्रेटरी देवेंद्र जगदाळे, आणि तो म्हणेल तिकडे मान हलवणारी बाकीची कॉलनी. देवेंद्र पन्नाशीचा, कपाळाला सदा टिळा, सांवेर रोडवर पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना. आपले पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे तो ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगायचा. पूर्वजांनी किल्ले घेतले असतील, यानं पाट्या घेतल्या होत्या. ‘शून्य कचरा कॉलनी’ अशी पितळी पाटी त्यानं दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या स्पर्धेत मिळवली होती. ती गेटवर लावलेली होती आणि वॉचमन रोज सकाळी फडक्यानं पुसायचा.

“सर, देखो, झाडं-बिडं ठीक आहे,” देवेंद्र मीटिंगमध्ये म्हणाला. “पण रिझल्ट केव्हा? दस साल? जूनमध्ये पाटीची फेरतपासणी आहे. आपण ग्राउंड कव्हर टाकू. वेडेलिया, रिओ, पोर्टुलाका. चार-सहा इंच माती, वरून खत, पंधरा दिवसात एकदम गालीचा. फोटो काय येतो माहीत आहे?”

“गालिच्याला सावली असते का?” सरांनी विचारलं.

“सावलीला लोक येतात ना भिया! डिलिव्हरीवाले येऊन बसतील, गुटखा खाऊन पिचकाऱ्या मारतील. वरून पक्षी. पक्षी काय करतात ते तर तुम्हीच शिकवलं पोरांना.”

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसल्या भानुमतीबाई, सरांच्या शेजारच्या बंगल्यातल्या. सरांच्या पत्नीची, शालिनीची, ही तीस वर्षांची मैत्रीण. हळदीकुंकवापासून पापडापर्यंत सगळं दोघींचं एकत्र. शालिनीला अर्धांगवायू झाला आणि ती सव्वादोन वर्षं बिछान्यावर होती, तेव्हा मात्र ही मैत्रीण मोजून तीनदा आली. तिन्ही वेळा पदर नाकाला लावून दारातच उभी राहिली आणि “मला बाई बघवत नाही” म्हणून परत गेली. सरांनी ते विसरायचा प्रयत्न केला होता, पण जमलं नव्हतं.

सरांना सातही झाडं हवी होती असं नाही, खरं सांगायचं तर. त्यांना एक खिरणी हवी होती, सहा झाडं त्यांनी लाजेखातर जोडली होती. शालिनी धारची. मे महिन्यात तिकडे खिरणीच्या टोपल्या येत, पिवळीधमक पेराएवढी फळं. परकराच्या ओच्यात भरून ती खायची आणि ओठ चिकाने चिकट करून घ्यायची. बिछान्यावर पडल्यावर तिला खिडकीतून बागेचा तो धुळीचा चौकोन दिसे. अर्धं तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटायला वेळ लागायचा. एकदा तिनं बरा हात वर केला आणि म्हणाली, “इथे खिरणी हवी होती.” सर म्हणाले, लावू. आणि लावली नाही. ती जाऊन दीड वर्ष झालं.

हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. मग मात्र बायका हळहळल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या, आणि कुणीतरी म्हणालं की एक खिरणी तरी ट्रायल म्हणून लावू द्या सरांना. एका बाजूला झाड, बाकीच्या जागेत ग्राउंड कव्हर. जे जगेल ते पुढे वाढवू.

“चालेल ना,” देवेंद्र म्हणाला. “गेटजवळच्या कोपऱ्यात लावा.”

“गेटजवळ नको. मिलच्या भिंतीच्या बाजूला, माझ्या खिडकीसमोर.”

“तिथे नको सर.” देवेंद्रचा आवाज एकदम उतरला. “तिथली जमीन नरम आहे.”

“नरम जमीन मिळाली तर खिरणी काय, मीसुद्धा खूश होईन,” सर म्हणाले. आता मेलेल्या बाईची आठवण निघाल्यावर चारचौघांत नाही कसं म्हणणार? देवेंद्र गप्प बसला. त्याचं गप्प बसणं सरांच्या लक्षात यायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला काही दिसत नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता संताजीनं कुदळ मारली. संताजी कॉलनीचा माळी, साठीचा, पाठीत वाकलेला, पण हाताला जोर भारी. खड्डे मे महिन्यात खणायचे, पंधरा दिवस उन्हात तापू द्यायचे म्हणजे मातीतली कीड मरते, आणि पावसानं जम धरला की रोप लावायचं, ही सरांची शिस्त. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. सर खुर्ची टाकून बाजूला बसले होते.

पहिलं फूटभर मुरूम निघाला. तो मुरूम जागचा नव्हता, आणून पसरलेला होता. मग कुदळ कशात तरी अडकली, आणि ओढल्यावर काळं प्लॅस्टिक फाटत वर आलं.

“सर, इधर काहीतरी गडबड आहे,” संताजी म्हणाला आणि त्यानं पंचा नाकाला बांधला.

कुजलेल्या भाजीचा वास निराळा. तो सोसवतो, त्यात कुठेतरी माती व्हायची तयारी असते. हा वास कोंडलेला होता, गोडसर, घशाला चिकटणारा, थुंकलं तरी जिभेवरून न जाणारा. संताजी फावड्यानं एकेक पिशवी वर फेकत गेला. लहान पोरांचे फुगून टम्म झालेले डायपर. बायकांचे पॅड. बुरशीनं केसाळ झालेल्या पोळ्या. सुया लागलेल्या सिरिंजा. देशी दारूच्या क्वार्टर बाटल्या, आणि त्यांच्याच पिशवीत उदबत्तीची रिकामी पाकिटं. कोंबडीची हाडं, अंड्यांची टरफलं. स्वप्नकुंजमध्ये अंड्याचं नाव काढलं तरी नाकानं कांदे सोलणारी तीस-पस्तीस घरं होती. ही हाडं मग मिलच्या भुतांनी खाल्ली असतील. पांढऱ्या अळ्यांचा एक गोळा उन्हात येताच वळवळला आणि परत आत घुसायला लागला. सरांनी आयुष्यभर बेडूक फाडले होते, फॉर्मॅलिनमध्ये हात घातले होते, पण त्यांना खुर्चीवरून उठावं लागलं.

मग संताजीच्या फावड्यावर एक पुडकं आलं. वर्तमानपत्रात चौकोनी घडी घातलेलं, पांढऱ्या सुतळीनं चारी बाजूंनी बांधलेलं, वर सुरगाठ. कागद ओला, पिवळा, पण सुटलेला नाही. आणि मधोमध लाल पेनानं काढलेला गोल.

त्यामागे दुसरं. मग तिसरं, चौथं. सरळ रचून ठेवल्यासारखी.

सरांना उघडून बघायची गरज नव्हती. ती गाठ त्यांची होती. तो लाल गोल त्यांच्या पेपर तपासायच्या पेनाचा होता. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळा आणि लाल खूण करा, असा शहराचा नियम. शालिनीची लंगोटं रोज चार-पाच निघत, आणि सर प्रत्येकाचं पुडकं बांधत, शाळेत जशा पेपरांच्या गड्ड्या बांधत तसं. बाकीच्या घरांनी सगळं काळ्या पिशव्यांत कोंबलं होतं. कॉलनीत नियम पाळणारं घर एकच निघालं, आणि म्हणून ओळखू येणारं घरही एकच.

मग त्यांना सगळं उमगलं. स्पर्धेची अट होती की सहा महिने कॉलनीतून कचऱ्याची गाडी भरायची नाही. ओल्याचं खत करायचं, सुकं विकायचं, सॅनिटरी तेवढं आठवड्याला वेगळं पाठवायचं. देवेंद्रनं भिंतीच्या बाजूला हिरवी जाळी लावली होती, ‘कंपोस्ट यार्ड’ असा बोर्ड लावला होता, आणि घराघरांतून बादल्या तिकडे जात होत्या. गाडी गेटवर दिसली तर नंबर कापला जाईल म्हणून त्यानं काहीच कुठे पाठवलं नाही. लांब चर खणली, सहा महिने भरत गेला, आणि वरून मुरूम टाकला. या शहराला स्वच्छतेचं वेड आहे आणि ते वेड चांगलंच आहे. पण चांगल्या वेडातही माणसं आपला पाजीपणा मिसळतातच.

आणि परीक्षक आले तेव्हा त्यांना खताची माहिती कुणी दिली? पोतनीस सरांनी. जीवशास्त्राचा माणूस म्हणून देवेंद्र त्यांना बोलवायला आला होता. सर जाळीपाशी उभे राहिले, ओंजळभर काळंभोर खत घेऊन त्यांनी गांडुळांवर दहा मिनिटं भाषण केलं. खत फार चांगलं होतं, बेचाळीस घरांच्या उष्ट्यातून निघेल त्यापेक्षा फारच चांगलं. कोपऱ्यात नर्सरीची रिकामी पोतीही दिसली होती. सरांना शंका आली होती. पण घरी शालिनीला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती, शिवाय टाळ्या वाजत होत्या. जाळीच्या आत वाकून बघायला दोन पावलं लागली असती, ती त्यांनी टाकली नाहीत.

तोवर वासानं लोक बाहेर काढले होते. गाऊनवर ओढणी टाकलेल्या बायका, बनियनवरचे पुरुष, सगळे नाकावर हात धरून खड्ड्याभोवती. पण ओरडत कुणी नव्हतं. जो तो खाली बघून आपलं काय दिसतंय ते शोधत होता. बाटल्यांवरून एकाची नजर झटकन हलली. हाडांकडे बघून एक बाई शेजारणीकडे बघायचं टाळायला लागल्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, पण इथे वाकलं की आपलंच दिसत होतं.

कोंडी फोडली भानुमतीबाईंनी. त्यांनी पुडक्याकडे बोट केलं.

“अगं बाई! हे तर शालूचं!”

आणि सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते उतरताना सरांनी डोळ्यांनी पाहिलं. खांदे सैल झाले, तोंडं उघडली. हो ना, आजारी बाई होत्या ना. सव्वादोन वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? बिचाऱ्या. पण वास किती, बाप रे. एका मिनिटात बेचाळीस घरांची घाण एका घराची झाली, आणि त्या घरातलीही जी आता बोलू शकत नव्हती तिची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक सरांनी ऐकले होते. इतक्या सकाळी, चहाच्या आधी, इतक्या सहज खाताना पाहिले नव्हते.

सव्वादोन वर्षं त्यांनी शालिनीचं सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं. ठेवलेली बाई आठ दिवसांत पळून गेली, त्यानंतर दुसरी ठेवलीच नाही. कोमट पाणी, कापूस, पावडर, घडी, गाठ. त्या सव्वादोन वर्षांत एकदाही किळस आली नव्हती. आता आली, आणि ती पुडक्यांची नव्हती. काठावर ओळीनं उभ्या असलेल्या त्या चेहऱ्यांची होती. सर भिंतीकडे तोंड करून ओकले. भानुमतीबाई लोकांना म्हणाल्या, बघा, त्यांनाच सहन होत नाही.

संध्याकाळी सहाला तातडीची मीटिंग लागली. सरांनी दुपारी कागद घेऊन काय बोलायचं ते लिहून काढलं. चर कुणी खणली, कशासाठी, खताची पोती कुठून आली. पाटी उतरवा, सगळी चर उपसा, जमीन स्वच्छ करा आणि मग झाडं लावा. ‘मीही त्यात होतो, मी डोळे मिटले’ हेही त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

चार वाजता बेल वाजली. देवेंद्र होता, हातात पेढ्यांचा पुडा. असल्या दिवशी पेढे आणायला सुद्धा माणसाला एक प्रकारची छाती लागते.

“सर, मी माफी मागायला आलो,” तो सोफ्यावर बसत म्हणाला. “गलती झाली. पण कॉलनीसाठी केली ना, घरी थोडी नेली पाटी? आता तुम्ही काय विचार करून राहिले?”

“सगळं सांगणार आहे मी. चर उपसावी लागेल.”

“उपसली तर काय काय निघेल सर, तुम्हीच सांगा. आणि लोक नाव कुणाचं घेतील? सकाळी पाहिलं ना तुम्ही.” त्यानं आवाज मऊ केला. “वहिनी देवमाणूस होत्या. त्यांची इज्जत अशी उघड्यावर… सकाळपासून दोन-तीन जणांनी फोटो काढलेत त्या पुडक्यांचे. ग्रुपवर टाकायचे होते. मीच थांबवून राहिलो. तन्वी पण आहे ना कॉलनीच्या ग्रुपवर, पुण्याहून?”

तन्वी म्हणजे सरांची मुलगी.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, सर. असं करू. तुमची खिरणी तिथेच लागेल, त्याच खड्ड्यात. ट्रायल-ब्रायल काही नाही, परमनंट. वहिनींच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी मी माझ्यातर्फे देतो. कुणी झाड तोडायचं नाही, हे ठरावात लिहू. बाकी चौकोनावर वेडेलिया. सहा इंचाच्या खाली कुणी बघणार नाही. तुम्ही फक्त हात वर करा.”

तो गेला. पेढे टेबलावर राहिले. सर शालिनीच्या रिकाम्या पलंगापाशी गेले आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. खड्डा तिथून स्वच्छ दिसत होता. संताजीनं त्यावर ताडपत्री टाकली होती आणि तिच्यावर माश्यांचा काळा थर बसला होता. त्यांनी मनाला समजावलं की शालिनीच्या नावाचा विचार करायला हवा. तन्वीनं आईची अशी पुडकी मोबाइलवर बघायची का? नाही. शिवाय चर उपसली आणि कॉलनी विरोधात गेली तर खिरणी कायमची गेली. सगळे मुद्दे बरोबर होते. चौतीस वर्षं त्यांनी पोरांचे पेपर तपासले होते, आणि पाठ करून आणलेलं उत्तर त्यांना लगेच ओळखू यायचं.

मीटिंग गेटजवळच्या शेडमध्ये झाली. पाटीखालीच खुर्च्या मांडल्या होत्या, वासापासून लांब. देवेंद्रनं दोन वाक्यांत सांगितलं की जुन्या मिलच्या काळचा काही कचरा जमिनीत निघाला आहे. मिलचा! मिल पंचवीस वर्षं बंद, आणि पुडक्यांवर वर्तमानपत्र दोन वर्षांपूर्वीचं. चाळीस शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या, त्यात दोन इंजिनिअर आणि एक डॉक्टर.

“सरांना काही बोलायचं आहे?” देवेंद्रनं विचारलं. उत्तर त्याला चांगलं ठाऊक होतं.

सर उभे राहिले. कागद खिशात होता. भानुमतीबाई दुसऱ्या रांगेतून त्यांच्याकडे बघत होत्या, आत्ताही पदर नाकाशी. “शालूची आठवण म्हणून तरी झाका हो ते,” त्या हळूच म्हणाल्या, आणि बाजूच्या बाईनं डोळे पुसले.

“माझं काही म्हणणं नाही,” सर म्हणाले आणि खाली बसले.

मग हात वर करायला सांगितले. ग्राउंड कव्हरच्या बाजूनं सगळे हात वर गेले. सरांचा हात थोडा उशिरा गेला, पण गेला. ठराव एकमतानं. देवेंद्रनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि कुणीतरी सरांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप झटकून टाकावी असं त्यांना वाटलं. त्यांनी त्या माणसाकडे बघून मान हलवली.

देवेंद्र शब्दाचा पक्का. शनिवारी सकाळी ग्रॅनाइटची पाटी कागदात गुंडाळून सरांच्या ओट्यावर आली, आणि नर्सरीतून खिरणीचं दोन हात उंच रोप आलं, गडद, चकचकीत पानांचं. वेडेलियाच्या काळ्या पिशव्यांचा अख्खा टेम्पो गेटवर उभा होता. फेरतपासणी जवळ आली होती, त्यामुळे रोप त्याच दिवशी लावायचं ठरलं. भर मे महिन्यात रोप लावू नये, हे सरांनी आयुष्यभर शिकवलं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

संताजीनं ताडपत्री बाजूला केली. माश्यांचा ढग उठला आणि परत बसला. तो खड्ड्यात उतरला आणि कुदळीनं चारी बाजू ठोकून बघितल्या.

“सर, ही आडवी चर आहे, भिंतीपर्यंत गेलेली,” तो खालून म्हणाला. “मी काय म्हणतो, मला दोन दिवस द्या. भावाला बोलावतो. दोघं मिळून सगळं वर काढतो, गाडीवाल्यांच्या हवाली करतो, चांगली माती भरतो. मग लावा तुमचं झाड. मला काही वाटत नाही हात घालायला.”

सरांनी कॉलनीकडे पाहिलं. खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येकीत कुणी ना कुणी होतं. देवेंद्र टेम्पोपाशी फोनवर बोलत होता, बोलताना इकडेच बघत होता.

“नको,” सर म्हणाले. “रोपापुरतं काढ.”

संताजीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. “रोपापुरतं?”

“हो. तेवढं पुरे.”

तो परत खाली वाकला. त्यानं रोपाच्या मुळांना लागेल तेवढी जागा साफ केली. सुतळीनं बांधलेली पाच-सहा पुडकी निघाली, ती त्यानं हातानं उचलून, एकावर एक न टाकता, काठावर नीट ठेवली. खड्ड्याच्या उभ्या कडेतून आणखी दोन पुडकी अर्धी बाहेर आली होती. ती रोपाच्या आड येत नव्हती. त्यानं सरांकडे बघितलं, सर दुसरीकडे बघत होते. मग त्यानं त्यांच्यावर ओल्या मातीचा हात फिरवला आणि ती बुजवून टाकली. वर आठ टोपल्या चांगली माती आणि शेणखत भरलं, मधे रोपापुरती खळी ठेवली आणि बाहेर आला.

मग तो नळावर गेला. टँकर नुकताच आला होता, पाणी होतं. त्यानं साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. नखांत काडी घालून पुन्हा धुतले. सर तोवर रोप घेऊन उभे होते. पिशवी त्यांनी ब्लेडनं चिरून ठेवली होती. मुळांची माती सुटायला लागली होती, म्हणून खालून तळहात लावून धरली होती.

“चल, लवकर कर,” ते म्हणाले आणि रोप पुढे केलं. “तूच लाव, संताजी. तुझ्या हाताला गुण आहे.”

संताजी पंच्याला हात पुसत उभा राहिला. त्यानं रोपाकडे पाहिलं, मग सरांकडे.

“तुम्हीच लावा सर,” तो म्हणाला. “मी आत्ताच हात धुतले.”

आणि कुदळ तिथेच टाकून तो गेटच्या दिशेनं चालायला लागला.